हो तो न्हय

मामांची आंबा खायची पद्धत ठरलेली आहे. आधी देठाशी नाक. मग तासभर पाण्याच्या बादलीत. मग पडवीत पाट टाकून बसायचं, विळीवर दोन्ही अंगच्या फोडी उतरवायच्या, त्या ताटलीत बाजूला सारायच्या आणि आधी बाठा हातात घ्यायचा. झाडाची खरी चव बाठ्याला चिकटलेली असते असं त्यांचं मत आहे, आणि ऐंशी ओलांडलेल्या माणसाच्या मताला हात लावू नये असं माझं. गेल्या मे महिन्यात अशीच एक दुपार. जेवणं उरकलेली, देवगडच्या त्या चिकट उकाड्यात पंखा नुसताच कुरकुरत होता, अंगणात मामीने घातलेल्या साठांवर फडकं अंथरलेलं. मामांनी बाठा तोंडाला लावला, एकदा चोखला आणि थांबले. उजेडाकडे धरून पाहिला, पुन्हा एकदा चोखला, ताटलीत ठेवून दिला.

"हो तो न्हय," म्हणाले.

"खंयचो न्हय?" मामी आतून.

"विहिरीवरचो. रंग तोच, वास तोच. पण हो तो न्हय."

मी एक फोड उचलून खाल्ली. हापूस लागला. थोडा केशरी, थोडा राळेसारखा, गिळल्यावर घशाशी किंचित खवखवणारा. "तोच आहे मामा, त्याचंच कलम आहे ना," मी म्हणाले. मामांनी हात धुतले आणि पडवीतच आडवे झाले. विषय त्यांच्यापुरता संपला. मला मात्र तो उगाचच लागला, आणि का लागला हे कळायला बरेच दिवस गेले.

विहिरीवरचा म्हणजे आमच्या आजोळचं सगळ्यात जुनं झाड. त्या घरात झाडांना नंबर नाहीत, माणसांसारखी नावं आहेत. विहिरीवरचा, गोठ्याकडचा, वाकडा, देवाचा. तौक्ते वादळ आलं तो १६ मे २०२१ चा रविवार. मी तेव्हा मुंबईत एका लॅबमध्ये रात्रपाळीला होते, अंगावर पीपीई किट, आत घामाची आंघोळ. गावचे फोन बंद. तिसऱ्या दिवशी लागला तेव्हा मामांनी पडलेले पत्रे, तुटलेले खांब, जमिनीवर पसरलेले आंबे यातलं काहीच सांगितलं नाही. "विहिरीवरचो पडलो" एवढंच. मला बोलायला सुचेना तेव्हा त्यांनीच माझी समजूत घातली. "झाड पडला म्हणान काय झाला? खाली सड्यावर तेचीच पोरां उभी आसत." हे खरंच होतं. वीसेक वर्षांपूर्वी त्यांनी विहिरीवरच्याच्या काड्या घेऊन कलमं बांधली होती, सड्यावरच्या उघड्या कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले होते, खालून माती वाहून आणून ते भरले होते. आणि आता तोच माणूस त्या पोरांतल्या एकाला ओळख दाखवायला तयार नव्हता.

गंमत अशी की विहिरीवरचा तरी कुठे मूळचा होता? पणजोबांनी तो विजयदुर्गकडच्या एका बागेतून कलम म्हणून आणला. त्या बागेतला आणखी कुठून तरी आलेला. हापूसचा बाठा लावला तर हापूस येत नाही, रायवळ येतो, हे कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणजे गेली तीन-चारशे वर्षं हा आंबा बीजातून जन्मलेलाच नाही. एका खुंटावरून दुसऱ्या खुंटावर, काडीतून काडीत, नुसता उतरवला गेला आहे. ह्यालाही कलम आणि लिहायच्या बोरूलाही कलम, हे ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार. कारण काडी खुंटावर धरली की आत चालतं ते लेखनिकाचंच काम. प्रत्येक नव्या पेशीसाठी सगळी पोथी पुन्हा एकदा उतरवायची. ही पोथी म्हणजे डीएनए, हापूसची सुमारे ४० कोटी अक्षरांची. अक्षरं चारच, ए, टी, जी, सी. आणि प्रत्येक पेशीत पोथीच्या दोन प्रती, एक मादीकडून आलेली, एक नराकडून. २०२० साली चिनी शास्त्रज्ञांनी आंब्याची पोथी वाचून प्रसिद्ध केली ती हापूसचीच होती. उतरवताना लेखनिक निवड करत नाही. चव उतरते तसा साकाही उतरतो. वरून सोन्यासारखा दिसणारा आंबा कापला की आत पांढरा, स्पंजासारखा, आंबूस भाग निघतो आणि घरातलं कोणीतरी "साको!" म्हणून कपाळावर हात मारतं. तो कल ह्याच पोथीतला. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून साका नसलेला रत्ना काढला, चांगला आहे, पण मामा त्याला आंबा म्हणत नाहीत, रत्नाच म्हणतात.

नकला उतरवणं हाच माझाही धंदा होता, हे त्या दुपारी मला पहिल्यांदा जाणवलं. पीसीआर. २०२० च्या आधी हे सांगायला अर्धा तास लागायचा, नंतर रिक्षावालेही मला सीटी व्हॅल्यू विचारायला लागले. करोनाच्या विषाणूची पोथी आरएनएमध्ये असते, तिची आधी डीएनएत नक्कल करायची आणि मग त्या नकलेच्या नकला. तापवलं की डीएनएचा जोडधागा उसवतो, निववलं की दोन्ही सुट्या धाग्यांवर नवा जोडीदार विणला जातो. एकाचे दोन, दोनाचे चार. तिसाव्या फेरीला एकाचे १०७ कोटी. यंत्र ओव्हनसारखं टेबलावर बसून हे करत असतं, बाहेरून नुसता पंख्याचा आवाज. कॅरी म्युलिसला ही युक्ती १९८३ साली कॅलिफोर्नियात रात्री गाडी चालवताना सुचली आणि दहा वर्षांनी नोबेल मिळालं. पण इतक्या वेळा उकळून न मरणारा लेखनिक हवा ना. तो सापडला अमेरिकेत यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या जिवाणूत, टॅक पॉलिमरेज त्याचं नाव. माझ्या मनात मात्र झरा म्हटलं की दापोलीचं उन्हवरेच येतं, तो गंधकाचा वास, काठावर ओले टॉवेल आणि पाण्यात पाय सोडून बसलेली गुडघेदुखीवाली मंडळी. टॅक कामाला वाघ, पण एक खोड आहे. तो लिहितो, वाचून बघत नाही. रोगाचं निदान करायला तेवढं चालतं. मजकूर शुद्धच हवा असेल तेव्हा लॅबवाले दुसऱ्या एका उष्णताप्रेमी जिवाचा, लिहिलेलं तपासणारा लेखनिक घेतात. सावकाश चालतो आणि महाग पडतो.

हे बाबांना सांगितलं असतं तर ते हसले असते. बाबा मुंबईत एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. लाल शाई, डोळ्यांवर जाड भिंग, आणि घरी आल्यावरही लग्नपत्रिकेतले ऱ्हस्व-दीर्घ काढायची सवय. तीनदा वाचलेल्या मजकुराच्या मथळ्यातच चूक राहते, हा त्यांचा अनुभव. शास्त्रज्ञही पेशीतल्या ह्या कामाला मुद्रितशोधनच म्हणतात, त्याला दुसरा शब्द त्यांनाही सापडला नाही. हिशेब तर आपल्या आकड्यांत फार सुंदर बसतो. लेखनिक पहिल्या हाताला साधारण लाखात एक चूक करतो. चुकलं की तिथेच अडखळतो, एक पाऊल मागे येतो, चुकीचं अक्षर खोडतो, पुन्हा लिहितो. मग कोटीत एक उरते. त्याच्या मागून दुसरी मंडळी फिरत असतात, जिथे दोन धागे नीट बसत नाहीत तिथे कापून नव्याने विणतात. मग अब्जात एक. लाख, कोटी, अब्ज. बाबांच्या छापखान्यात हे कोणी मागितलं असतं तर त्यांनी भिंग काढून टेबलावर ठेवलं असतं.

पण एक पेच राहतोच, आणि तो बाबांना लगेच कळला असता. दोन धागे जुळत नाहीत, ठीक, पण त्यातला चुकीचा कुठला? मूळ प्रत कोणती हे ठाऊक नसेल तर शोधक बरोबर शब्दच खोडून टाकायचा. पॉल मॉड्रिचने जिवाणूंत याचं उत्तर शोधलं. जुन्या धाग्यावर बारीक रासायनिक खुणा असतात, नव्यावर त्या उमटायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात खुणेचा धागा खरा मानायचा आणि कोऱ्याला दुरुस्त करायचं. पुढे दोघांवरही खुणा येतात आणि मग मूळ आणि नक्कल हा भेद राहतच नाही. १९५८ साली मेसेल्सन आणि स्टाल यांनी जड नायट्रोजन खाऊ घातलेले जिवाणू घेऊन दाखवून दिलं होतं की प्रत्येक नव्या जोडीत एक धागा जुना असतो आणि एक नवा. जुना पोथीत जपून ठेवलेला नसतो. तो कामालाच जुंपलेला असतो.

आईला जाऊन सात वर्षं झाली. तिच्या माहेरी मी गेले की वाडीतल्या बायका पदराने डोळे टिपतात आणि म्हणतात, हुबेहूब. चालणं तसंच, मान वळवणं तसंच, हसताना तोंडावर हात तसाच. मला हे ऐकायला आवडतं आणि ऐकल्यावर दिवसभर नकोसंही होतं. आपण कोणाच्या तरी जागी उभे असल्यासारखं वाटतं. एकट्या मामांनी हे कधी म्हटलेलं नाही. आई त्यांची पाठची बहीण, दोघांचा जीव एक. ते माझ्याकडे बघतात, विचारपूस करतात, जाताना पिशवीत सोलं, कुळीथ, पोह्यांचे पापड कोंबतात, पण हुबेहूब म्हणत नाहीत. त्या दुपारी बाठा खाली ठेवताना त्यांनी जे तोंड केलं ते मला ओळखीचं वाटलं ते यामुळेच असेल.

शास्त्राने बघितलं तर त्यांचंच बरोबर. मी काही आईचं कलम नाही. मी बाठ्यातून उगवलेली. अर्धी तिची, अर्धी बाबांची, तीही पत्ते पिसून वाटल्यासारखी. रायवळच.

त्या सुट्टीत मी रोज सकाळी मामांबरोबर सड्यावर जात होते. दहा वाजताच कातळ तापायला लागतो, चपलेतून कळतो. खाली समुद्र इतका पांढरा चमकतो की त्याच्याकडे बघवत नाही. मामा उघड्या अंगाने, डोक्याला पंचा, हात कोपरापासून खाली करवंदासारखे काळे. त्या उन्हात उभं राहून मला सारखं आठवत होतं की ह्या घडीला कातड्याच्या पेशींत काय चाललं असेल. अतिनील किरण पोथीतल्या शेजारच्या दोन टी अक्षरांना एकमेकांना चिकटवतात, ओल्या वहीची पानं चिकटावीत तशी. अझीझ सँजार यांनी आयुष्यभर ह्याच चिकटलेल्या अक्षरांचा अभ्यास केला. तुर्कस्तानातल्या सावूर गावचे, आईवडील निरक्षर, स्वतः आधी खेड्यात डॉक्टरकी केलेली. त्यांनी जिवाणूंतल्या अशा एका एन्झाइमचं काम उलगडलं जे निळा उजेड पकडून त्याच्याच बळावर ही चिकटलेली जोडी सोडवतं. उन्हाने केलेलं नुकसान उजेडानेच भरून काढायचं. आंब्याच्या पानात हे एन्झाइम आहे. टोपलीतल्या मासळीच्या कुळातही आहे. आपल्यात नाही, सस्तन प्राण्यांच्या आपल्या शाखेने ते वाटेत कुठेतरी गमावलं. आपल्याला सुमारे तीस अक्षरांचा अख्खा तुकडाच कापून काढावा लागतो आणि समोरच्या धाग्यावरून पुन्हा भरावा लागतो. म्हणजे झाडाखाली उभ्या मामांपेक्षा मामांच्या डोक्यावरचं पान ह्या बाबतीत पुढारलेलं. आणि ऊन नसतं तरी सुटका नाहीच. पोथी नुसती ठेवली तरी झिजते, पाण्यामुळे, प्राणवायूमुळे, शरीराच्या स्वतःच्या उबेमुळे, हे टॉमस लिंडाल यांनी सत्तरच्या दशकात दाखवलं. एकेका पेशीत दिवसाला हजारो ठिकाणी. लिंडाल, मॉड्रिच, सँजार तिघांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल ह्या डागडुजीसाठीच मिळालं. मी सड्यावर हे मामांना सांगायला गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे घर शाकारण्यासारखा. दर वर्षी."

तेवढ्यावर माझा पंधरा मिनिटांचा तास संपला.

तरी मी हट्टाने पुन्हा विषय काढला. स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या विद्यापीठाच्या आवारात एक ओक आहे, तपासला तेव्हा २३४ वर्षांचा, नेपोलियन त्याच्या जवळून गेला म्हणून त्याचं नाव नेपोलियनचा ओक. त्याच्या खालच्या फांदीची आणि वरच्या फांदीची पोथी अक्षर-अक्षर लावून पाहिली, आणि २०१७ साली शास्त्रज्ञांनी सांगितलं की फरक सापडला तो १७ अक्षरांचा. दोनशे चौतीस वर्षं, वादळं, हिमवर्षाव, आणि सतरा अक्षरं. "मग एवढ्याश्या वीस वर्षांत तुमचा आंबा कसा बदलेल?" मी विचारलं. मामांनी आंबे उतरवायच्या झेल्याची काठी कातळावर टेकली. "सतराच ना?" म्हणाले. "तेतूरला एक चवीचा आसात तर?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरं आहे. सांगली-तासगावची तास-ए-गणेश द्राक्षं अशीच निघाली. थॉमसन सीडलेसची वेल, सगळी सारखी, आणि एका फांदीवर मणी वेगळे. वेलीच्या त्या एका टोकाला, कुठल्याशा एका पेशीत, नक्कल उतरताना अक्षर चुकलं, शोधकांच्या नजरेतून निसटलं, आणि त्या पेशीपासून जी फांदी झाली ती सगळी त्या चुकीची झाली. शेतकऱ्याने ती कापून टाकायच्या ऐवजी तिच्याच काड्या लावल्या.

मामीचं मत वेगळं. "जीभ म्हातारी झाली तुमची," ती म्हणायची, "आंब्याक कित्याक नावां ठेवतास?" मला हे आधी नुसतं टोमणा वाटलं, मग जाणवलं की मामी शास्त्राच्या सगळ्यात जवळ आहे. जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या पेशी दहा-पंधरा दिवसांत झडतात आणि नव्या येतात. विहिरीवरच्याचा शेवटचा आंबा ज्या जिभेने खाल्ला ती जीभ मामांच्या तोंडात आज नाहीच. मधल्या तीन वर्षांत ती कितीतरी वेळा नव्याने लिहिली गेली. मग तुलना केली कोणी? मेंदूने. आणि मेंदूतल्या पेशींचं वय मोजायची रीत तर अशी काही आहे की ऐकून मी पहिल्यांदा गप्प झाले होते. पन्नाशीच्या दशकात आणि साठीच्या सुरुवातीला अणुबॉम्बच्या उघड्यावरच्या चाचण्यांनी जगभरच्या हवेतला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सर्गी भाऊ, वाढला. १९६३ च्या करारानंतर तो हळूहळू उतरत गेला. पान हवा घेतं, आपण पान खातो, आणि पेशी जन्मताना तिच्या डीएनएत त्या वर्षीचा कार्बन बसतो तो बसतो. स्वीडनमध्ये योनास फ्रिसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या शिक्क्यावरून पेशींच्या जन्मतारखा काढल्या. आतड्याच्या पेशी माणसापेक्षा कितीतरी लहान निघाल्या. मेंदूच्या वरच्या सालीतल्या चेतापेशी मात्र माणसाइतक्याच जुन्या.

मामांचा जन्म १९४३ चा. म्हणजे त्यांच्या डोक्यात जी पोथी आहे ती बॉम्बच्या आधीची. हिरोशिमाच्याही आधीची. माझी आजी त्या वर्षी जी पेज आणि जो बांगडा खात होती त्यातला कार्बन, इतकी वर्षं नुसता शाकारून ठेवलेला. नकला करणारा लेखनिक तिथून केव्हाच निघून गेला आहे, फक्त डागडुजी करणारे राहिलेत. (हिरोशिमावरून आठवलं. दोन धाग्यांपैकी एक सलग न विणता तुकड्या-तुकड्यांनी विणला जातो, त्या तुकड्यांना ओकाझाकी तुकडे म्हणतात. नागोयाच्या रेजी आणि त्सुनेको ओकाझाकी ह्या नवरा-बायकोने १९६८ मध्ये ते दाखवले. रेजी हिरोशिमाचे, शाळकरी वयात बॉम्बच्या किरणोत्सर्गात सापडलेले. १९७५ साली रक्ताच्या कर्करोगाने गेले. त्सुनेकोंनी काम पुढे चालू ठेवलं. लॅबमध्ये आम्ही हे नाव दिवसातून दहादा उच्चारायचो, माणूस म्हणून एकदाही नाही.)

मी मुंबईला परतले. आंब्याची पेटी बरोबर होतीच. शेजाऱ्यांनी खाल्ले, वाहवा केली, कोणाला काही वेगळं लागलं नाही. मीही खाल्ले, प्रत्येक बाठा आधी चोखून पाहिला, आणि खरं सांगायचं तर मला काहीच कळलं नाही.

आषाढात पुन्हा गेले. पाऊस असा की अंगणातलं माणूस दिसेना. पडवीत ओल्या मातीचा, पोत्यांचा आणि धुराचा वास. मामा खाली बसून कोय कलमं बांधत होते. उगवलेल्या रायवळ बाठ्यांची तांबूस पानांची रोपं एका बाजूला, सकाळी आणलेल्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून दुसऱ्या बाजूला. एका डोळ्याला मोतीबिंदू, पण ब्लेड बरोबर जागी पडत होतं. रोपाचा शेंडा उडवायचा, मधोमध चीर द्यायची, काडीला खाली पाचरीसारखं तासायचं, चिरेत बसवायचं, प्लॅस्टिकची पट्टी घट्ट फिरवायची. मी पट्ट्या कापून देत होते. बांधलेल्या पिशव्यांची रांग भिंतीला लागत चालली होती. तीनचार पिशव्यांना मात्र मामांनी लाल सुतळीची गाठ मारली आणि वेगळ्या ठेवल्या.

"ह्या कुठल्या?"

"सड्यावरच्या तिसऱ्याच्यो. समुद्राकडच्या फांदीच्यो."

ज्या फांदीचा तो बाठा होता, ती. मी पट्टी कापायची थांबले. "पण मामा, तो नव्हे म्हणालात ना तुम्ही?"

मामांनी हातातली काडी चिरेत बसवली, अंगठ्याने दाबून धरली, आणि पट्टीसाठी माझ्यापुढे हात केला.

"न्हय तर न्हय," म्हणाले. "असांदे."